पाहुण्यांसमोर घेतलेलं पान

९ ऑक्टोबर

गादिएल,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले आहे. हे पाकीट अरुशाच्या बसच्या कंडक्टरकडे देणार आणि तुझ्या ऑफिसात तुझ्याच हातात ठेवायचं असं त्याला बजावणार. कालच विचारलं तर हसला. "माए, हल्ली पत्रं कोण लिहितं?" म्हटलं, ज्यांच्या भावांना ऐकू येईनासं झालंय ते लिहितात.

कुळाच्या ग्रुपवर तू टाकलेला मजकूर मंकाने मला वाचून दाखवला. 'आइकांडेताईने सगळ्यांसमोर इसाले घेतलं आहे. ख्रिसमसच्या बैठकीत तिची तक्रार घेण्याचं आता कारण उरलं नाही.' वाचता वाचता मंकाचा आवाज पडला. चुलत बहीण आपली दोघांचीही, पण या भांडणात ती माझ्या बाजूची, म्हणून तिला जास्त लागलं. मला लागलं नाही. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

तर शनिवारी काय झालं ते मीही एकदा लिहून काढते. तुझी आठवण फार सोयीची आहे.

गेल्या ख्रिसमसला भांडून गेलास तो परवा उगवलास, तुझ्या पर्यटन कंपनीच्या पांढऱ्या गाडीतून, कंपनीचे पाहुणे आणि कंपनीचे साहेब घेऊन. आधी फोन नाही, निरोप नाही. गावात घरोघरी पाहुणे ठेवणाऱ्या आमच्या गटाचे पाहुणे आदल्या दिवशी कळवून येतात, म्हणजे ज्या घरची पाळी असेल तिथे केळी शिजायला पडतात. तरी मी बोलले नाही. दारात आलेल्याला कॉफीशिवाय पाठवायचं, हे आईने मला शिकवलं नाही. उखळात कॉफी कुटली. तुझ्या साहेबांनी न विचारता माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला, तेही गिळलं.

मग उपेंदो पाहुण्यांना कुंपणाशी घेऊन गेली. ती पारे डोंगरातली, इथे सून म्हणून आली. आपली बोली तिला अजून धड येत नाही, पण पाहुण्यांशी बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. नेहमीसारखं सांगत होती, हे इसाले, आम्ही ते बागेच्या हद्दीवर आणि पूर्वजांच्या थडग्यांपाशी लावतो, आणि कुणाचा अपराध केला तर याच्या पानाला गाठ मारून त्याच्यासमोर जातो. समोरच्याला ते नाकारता येत नाही. पाहुण्यांमधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, आणि नाकारलं तर? उपेंदो म्हणाली, "नाही नाकारत कुणी." बाईंना काही ते पटेना. म्हणाल्या, कसं देतात ते दाखवा तरी.

आणि तू पुढे झालास. हसत हसत पान तोडलंस, गाठ मारलीस, माझ्यासमोर गुडघे टेकलेस आणि पान दोन्ही हातांनी पुढे केलंस. बोललास ते आपल्या बोलीत. पाहुण्यांना ते कळणार नव्हतं, साहेबांना नव्हतं, उपेंदोला नव्हतं. म्हातारे मेकू किलेओ पलीकडे केळीखाली म्बेगेचा, केळ्यांच्या दारूचा, भोपळा घेऊन बसले होते, तिथवर तुझा आवाज गेला नसणार. तू काय बोललास ते मी इथे लिहिणार नाही.

मी पान घेतलं. दुसरं काय करणार होते? सगळे मोबाइल वर धरून उभे होते. टाळ्या पडल्या. मेकूंनी मात्र भोपळा खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

तो खेळ होता, गादिएल. पाहुण्यांना दाखवायला केलेला. बैठकीत मी तेच सांगणार आहे, आणि माझी तक्रार आहे तिथेच राहणार आहे.

आइकांडे


१९ ऑक्टोबर

गादिएल साहेब,

तुमचं उत्तर पावलं. एका ओळीचं. 'बाग माझी आहे, ताई, हे तू विसरतेस.'

चोर तो चोर, वर शिरजोर. विसरत नाही मी. बाबांचं घर आणि भोवतालची बाग धाकट्या मुलाची, हा आपल्याकडचा रिवाज, आणि तो मोडायला मी निघालेली नाही. नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा बाबांनी मला मागची खोली दिली, बाग दिली नाही, आणि मी ती मागितलीही नाही. आई आजारी पडली, बाबा गेले, तू अरुशात होतास. केळींना शेणखत कोण घालत होतं हे मी विचारत नाही. बाग तुझी आहे.

पण जो वरचा तुकडा तू कंपनीला देतो आहेस त्यात पाटाचं तोंड आहे. ओढ्याचं पाणी तिथे वळतं आणि तिथून आपल्या किरामो गावातल्या प्रत्येक बागेत पाळीपाळीने जातं. आपल्या कुळाचं नाव कुणी घेत नव्हतं तेव्हापासून जातं. तुझ्या कंपनीच्या नकाशावर त्याच जागी फाटक आहे. तो नकाशा तुझ्याच साहेबांनी मला मोशीत दाखवला, मोठ्या कौतुकाने. फाटकाच्या आत गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या. असल्या झोपडीत आपली आजी जन्मली होती, आणि घरावर पत्रा चढला त्या दिवशी ती आनंदाने नाचली होती. झोपड्यांपुढे नाच, आणि नाचणारे कोण, तर लाल चादरी पांघरलेले मसाई. मी विचारलं, साहेब, आम्ही चागा, मसाई इथे कुठून आणणार? म्हणाले, पाहुण्यांना तेच बघायचं असतं.

आमच्या पाहुण्यांना तसं वाटत नाही, किंवा वाटत असलं तरी दुसऱ्या दिवशी वाटेनासं होतं. ते आमच्या घरात झोपतात, आम्ही खातो ते खातात, पाटाच्या कडेकडेने धबधब्यापर्यंत चालतात. म्हाताऱ्या माणसाचा फोटो हवा असेल तर आधी त्याच्याशेजारी बसून बोलतात. पोरांना गोळ्या वाटत नाहीत. थडग्यांकडे जात नाहीत. ते देतात त्या पैशांतून जे उरतं त्यातून पाटाची डागडुजी होते, शाळेवर छप्पर आलं ते त्यातूनच. तू याला 'ताईची भातुकली' म्हणतोस. म्हण बापडा. पण तुझं फाटक लागलं की पाटाकडची वाट बंद, वाट बंद की आमचे पाहुणे बंद, आणि मग पाटाच्या तोंडाशी किल्ली घेऊन कोण बसणार? साहेब म्हणाले, पाणी कुणी अडवणार नाही, तसा शब्द देतो. शब्द देणारे साहेब पुढच्या वर्षी दुसरीकडे बदलून गेले की शब्द कुणाकडे मागायला जायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी कुळातल्या एकेका वडीलधाऱ्याच्या घरी जाणार आहे. ज्यांचे पाय दुखतात त्यांच्यासाठी तेल घेऊन जाईन, ज्यांची तोंडं दुखतात त्यांचं ऐकून घेईन. ख्रिसमसपर्यंत भरपूर वेळ आहे.

आइकांडे


६ नोव्हेंबर

गादिएल,

पाऊस लागला आहे. वाटेवर चिखल, तरी फिरते आहे.

जिथे जाते तिथे तेच. "पान घेतलंस ना गं?" बाजारात मीठ घ्यायला गेले तर मीठवालीसुद्धा. मी म्हणते, पाहुण्यांसाठी घेतलं. माना हलतात, पण पटत कुणालाच नाही. आपला एक काका तर म्हणाला, "मग पाहुण्यांसाठी लग्न लागलं तर नवरा पाहुण्यांचा का?" त्याच्या घरची सगळी खो खो हसली. मीही हसले. काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मेकू किलेओंकडे गेले. ते कुळात सगळ्यांत वडील, बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा, म्हणून त्यांना शेवटी गाठायचं असं ठरवलं होतं, पण राहवेना. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी म्हटलं, मेकू, ते पान खेळातलं होतं.

"असं का."

"पाहुण्यांना दाखवायला."

"कुणाला दाखवायला घेतलं ते पानाला काय ठाऊक?"

"म्हणजे माझी तक्रार गेली?"

"मी तसं म्हणालो नाही." मुठीतले उरलेले दाणे टाकले. मग विचारलं, "पोरगा बोलला काय?"

"काहीबाही."

"पान देणारा काहीबाही बोलत नाही. अपराधाचं नाव घेतो."

"तो हसत होता, मेकू. उचलली जीभ, लावली टाळ्याला."

"बरं," म्हणाले, आणि मला चार अंडी दिली. त्यापुढे एक अक्षर नाही.

आता दुसरी गंमत ऐक. ती तुझ्याच पायाने चालत आली आहे. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी आपल्या दोघांचा व्हिडिओ, आवाजाच्या जागी गाणं घालून, इंटरनेटवर टाकला, तो कुठे कुठे फिरला, आणि आता तुझ्या कंपनीच्या कार्यक्रमात 'क्षमेचा विधी' म्हणून छापून आलं आहे, न्याहारी आणि धबधब्याच्या मध्ये. आमचे पाहुणेही मागायला लागले. उपेंदो बिचारी कुणाला नाही म्हणणार? परवा एका जोडप्याने हट्टाने एकमेकांना पानं दिली, हसत खिदळत. त्याने बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. बाई आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला, मग ती जी रडायला लागली ती थांबेना. जेवण तसंच राहिलं. दोघं दोन खोल्यांत झोपली. उपेंदो माझ्या चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, हे दाखवायला नको होतं गं मी. मला वाटलं, तुमच्याकडे ही नुसती गोष्ट आहे."

मला तिच्यावर रागावता आलं नाही. तिला वाटलं तेच मीही सगळ्यांना सांगत फिरते आहे.

आइकांडे


२६ नोव्हेंबर

गादिएल,

'मला लोकांत हसं करू नकोस' असा निरोप तू मंकाकडे दिलास. हसं मी केलं नाही. झालं ते असं.

मंगळवारी कंपनीची माणसं आली, वरच्या तुकड्यात खुंट्या ठोकून दोरी बांधून गेली. पाटाचं तोंड दोरीच्या आत. बाबांचं थडगंही आत, हे त्यांना माहीत नसावं, तुला माहीत होतं. बायका भडकल्या. मंका कोयता घेऊन निघाली. मी म्हटलं, खुंट्या उपटायच्या नाहीत, उद्या चौकीवर आपली नावं जातील. दोरी मात्र चांगली आहे, ओढून बांधलेली आहे, आणि ऊन पडलं आहे. मग काय, अख्ख्या आळीने धुणी आणली. मीठवालीची चादर, मास्तरांच्या विजारी, चर्चच्या गायकांचे झगे. दुपारी माणसं परत आली ती मोजमाप घ्यायला, तर मोजायचं कुठून ते त्यांना कळेना. त्यांच्यातला एक आपल्याच खालच्या गावचा निघाला. झग्यांना हात लावायला तयार होईना. शेवटी दोरी सोडून, घड्या घालून, धुणी आमच्याकडे देऊन ते गेले. बायका इतक्या हसल्या की चहा सांडला. आमच्याकडे तेव्हा दोन पाहुण्या होत्या, त्यांनी विचारलं, हा कुठला सण? उपेंदोने सांगितलं, धुण्याचा.

दुसऱ्या दिवशी पाट साफ करायची पाळी होती. घरटी एक माणूस आणि एक फावडं. तुझ्या घरचं माणूस मीच. गाळ काढता काढता तोंडापर्यंत पोचले, आणि आपण दोघं लहानपणी जिथे पाणी वळवायला केळीचं सोपट लावायचो तिथे उभी राहिले. आणि तुझं वाक्य आठवलं. त्या शनिवारचं.

एक सांगते. तू काहीही म्हणू शकला असतास. 'ताई, मी तुझी केळी खाल्ली, माफ कर' म्हणाला असतास तरी टाळ्या पडल्या असत्या. 'ताई, पाहुणे निघाले की तुला बघतो' म्हणाला असतास तरी पडल्या असत्या. कुणाला कळणार होतं? तू ते वाक्य का बोललास? हसत होतास, मग ते बोलताना हसू का पुसलंस?

हे मी विचारत नाही. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा विचारून उपयोग काय?

आइकांडे


१५ डिसेंबर

गादिएल,

थोडकंच लिहिते, केळी पिकायला घालायची आहेत, म्बेगे करायची आहे, अख्ख्या अरुशाएवढं कुळ वर येणार आहे असं मंका म्हणते. मोशीच्या दुकानात काम केल्यापासून तिला मोठमोठ्या शहरांची नावं टाकायची सवय लागली आहे.

मेकूंनी निरोप दिला आहे. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, बोकड कापायच्या आधी, ते आपल्या दोघांना विचारणार. पान खेळातलं होतं की खरं? दोघांनी खेळ म्हटलं तर माझी तक्रार ऐकली जाईल. खरं ठरलं तर तक्रार संपली, कारण माफ केलेल्या माणसाविरुद्ध तक्रार चालत नाही. यापुढचं ते बैठकीतच सांगणार, आधी नाही.

वडीलधाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माझ्या बाजूला आले आहेत. फक्त तक्रार ऐकली गेली पाहिजे. म्हणून मी खेळ म्हणणार. मंकाने माझ्याकडून पाठ करून घेतलं आहे: 'मेकू, ते पाहुण्यांसाठी होतं.' एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. सगळं गाव या एका वाक्यावर डोळे लावून बसलं आहे.

तू ये. काम आहे, गाडी मिळाली नाही, असलं काही सांगू नकोस. बाबांच्या थडग्यापाशी बसायचं आहे, तिथे तुझी जागा रिकामी ठेवून मला जिंकायचं नाही.

आइकांडे


३० डिसेंबर

गादिएल,

तू तिथेच होतास, तरी लिहिते. तू उभा होतास तिथून तुला माझा चेहरा दिसला असेल, माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते दिसलं नसेल.

मेकूंनी मला आधी उभं केलं. "आइकांडे, पान घेतलंस ते पाहुण्यांसाठी की स्वतःसाठी?" मंका समोरच बसली होती, ओठांनी मला शब्द पुरवत होती. वाक्य जिभेवर होतं. मी तुझ्याकडे पाहिलं. शहरी बूट, त्यांना बागेतला चिखल, हात खिशात. कुंपणापलीकडे कंपनीची गाडी उभी होती, साहेब आत बसून वाट बघत होते. आणि मला वाटलं, मी खेळ म्हटलं की तू पण खेळ म्हणशील, ते वाक्य कबूल करण्यातून सुटल्यासारखा म्हणशील, आणि जे एकदा तुझ्या तोंडून बाहेर पडलं ते आपण दोघं मिळून खोटं ठरवू. मग मी तुकडा जिंकेन. आणि तू परत कधी ते बोलणार नाहीस, मला नाही आणि कुणालाच नाही.

मी म्हणाले, "स्वतःसाठी. तो खरं बोलला, म्हणून घेतलं."

मंकाने कपाळावर हात मारला तो तू ऐकला असशील. तुझ्या बाजूचे दोघंतिघं तर हसायलाच लागले, आणि त्यांचं काय चुकलं? तक्रार माझ्याच तोंडाने संपली होती.

मग मेकू तुझ्याकडे वळले. "ती म्हणते तू खरं बोललास. काय बोललास?"

इथे तुझी सुटका होती, गादिएल. ते वाक्य माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. 'आठवत नाही' म्हणाला असतास, 'केळी चोरली म्हणालो' म्हणाला असतास, तरी चाललं असतं. मी उठून तुला खोटं पाडलं नसतं, आणि मेकूंना ते माहीत होतं. म्हणून तर ते माझ्याकडे एकदाही बघेनात.

तू हात खिशातून काढलेस. आणि तेच म्हणालास, शब्दाला शब्द. "मी म्हणालो, ताई, वरचा तुकडा नावाला माझा, पण पाणी माझं नाही. तुला न विचारता, गावाला न विचारता मी ते देऊन बसलो. मला माफ कर."

कुठेतरी एक पोर रडत होतं, त्याला आईने गप्प केलं. मेकू म्हणाले, "माफी तर मिळालीच आहे. आता ऐक. ज्याची माफी मिळाली ते पुन्हा करता येत नाही. एका अपराधाला एकच पान, दुसरं नसतं. जा, गाडीतल्या माणसाला सांगून ये." आणि बोकड आणायला सांगितला.

तू गेलास, सांगितलंस, गाडी गेली, आणि तू तिकडूनच बसच्या रस्त्याला लागलास. जेवला नाहीस. तुझा वाटा मी मेकूंच्या ताटात घातला. ते खाता खाता मध्येच म्हणाले, "बापासारखा चालतो पोरगा." एवढं बोलून परत खायला लागले.

नोकरी गेल्याचं मला मंकाच्या नवऱ्याकडून कळलं. मला वाईट वाटलं, आणि आनंदही झाला, दोन्ही खरं आहे. घरी बसून कुढू नकोस. बाग तुझी आहे, मागची खोली माझी, पुढचं घर धूळ खात पडलं आहे. पाहुण्यांच्या गटाला हिशोब लिहिणाऱ्यापेक्षा 'नाही' म्हणणारा माणूस जास्त हवा आहे. आम्हा सगळ्यांना हो म्हणायची खोड आहे.

असं एक 'नाही' आम्ही कालच म्हणालो. गटाची बैठक झाली. यापुढे पाहुण्यांना इसाले दाखवायचं नाही. कुंपण दिसेल, त्याला कोण काय करणार, पण ते कशासाठी आहे ते सांगायचं नाही, आणि पान तोडून कुणाच्या हातात द्यायचं तर मुळीच नाही. उपेंदोने विचारलं, पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगू? एकजण म्हणाली, सांग, झाड आहे. दुसरी म्हणाली, सांग, ते आमचं आमच्यात असतं. दुसरं ठरलं. उपेंदोने ते इंग्रजीत आणि जर्मनमध्ये पाठ केलं. तिच्या तोंडी ते उद्धट वाटत नाही.

तुझा निरोप काल आला. 'ताई, मी खेळच होता म्हणालो असतो तर?'

तर वरचा तुकडा गेला असता. मी खरं म्हटलं होतं, तक्रार माझ्याकडून संपली होती, तुझ्यावर कुणाचा कसला बंध राहिला नसता. सोमवारी फाटक आलं असतं. मला हे तिथे उभी असताना माहीत होतं. मेकू पुढे काय म्हणणार ते माहीत नव्हतं, तू काय म्हणशील ते तर नव्हतंच. मी नुसती तुझ्यावर विसंबले.

मंका माझ्याशी बोलत नाही. बोकड कापला, गाणी झाली, सगळे माझ्या पाठीवर थाप मारून गेले, आणि ती भांडी घासत राहिली, मान वर न करता. शेवटी म्हणाली, "पाणी सगळ्यांचं होतं. तू ते तुझ्या भावाच्या जिभेवर नेऊन ठेवलंस. आम्हाला विचारलंस?" मी म्हटलं, पण वाचलं ना. ती म्हणाली, "वाचलं, ते त्याच्यामुळे. तुझ्यामुळे नाही."

तिचं खरं आहे. गावाला न विचारता. तू जे केलं होतंस तेच मी केलं, फक्त माझं निभावलं.

कुंपणावरून पान तोडून आणलं आहे, ते समोर आहे. गाठ मारायला बसले आणि आधी तुला लिहावंसं वाटलं. घरात आज पाहुणे आहेत. उपेंदो त्यांना धबधब्याकडे घेऊन गेली आणि वाटेवर कुणी उरलं नाही, की मी मंकाच्या घरी जाईन.

तुझी ताई